कडी दिल्लीला, कापूस ओट्यावर

गणेश चतुर्थीला खानदेशात दोन पूजा होतात. एक गणपतीची, दुसरी काट्याची. धरणगाव, बोदवडकडचे कापसाचे व्यापारी त्या दिवशी काट्याला हळदकुंकू वाहून खरेदीचा मुहूर्त करतात. तेव्हा कापूस असतो कुठे? मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या पूर्वहंगामी कपाशीची चार बोंडं उमललेली असतात. त्यातला ओलसर कापूस घेऊन कुणीतरी येतो, नारळ फुटतो आणि मुहूर्ताचा म्हणून जरा चढाच भाव बोलला जातो. तो भाव टिकायचा नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही. तरी वर्षभराच्या बोलण्याची सुरुवात तिथून होते.

२०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली. त्याच दिवशी अमेरिकेनं भारतीय मालावर आणखी २५ टक्के कर लागू केला. आधीचा धरून ५० टक्के. त्याच्या आठच दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, आपल्या सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं होतं. मुदत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. खानदेशात वेचणी होऊन कापूस घरात येतो ते नेमके हेच चार महिने.

यासाठी कुठल्या देशाशी करार झाला नाही, संसदेत चर्चा झाली नाही. अर्थ मंत्रालयाची एक अधिसूचना निघाली, एवढंच. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की, त्याच्या सुमारे सहा वर्षं आधी याच मुलखातल्या शेतकऱ्याला वाचवल्याबद्दल एक मोठा करार नाकारल्याचा जयजयकार झाला होता.

*

४ नोव्हेंबर २०१९. स्थळ बँकॉक. आरसेप, म्हणजे प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी, हा सोळा देशांचा व्यापारगट जुळवण्याचं काम सात वर्षं चाललं होतं. आसियानचे दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत. बोलण्यांचा प्रारंभ नोव्हेंबर २०१२ मध्ये कंबोडियात झालेला. तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग. बँकॉकमध्ये नरेंद्र मोदींनी सांगितलं की भारत यात येणार नाही. गांधीजींनी दिलेली शेवटच्या माणसाची कसोटी आणि आपला अंतरात्मा, दोन्ही परवानगी देत नाहीत.

त्याच दिवसांत ब्रिटनही युरोपीय संघातून करारासकट निघायचं की कराराविना, यावरून दुभंगलं होतं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांची ३१ ऑक्टोबरची 'वाट्टेल ते झालं तरी' ही मुदत नुकतीच टळली होती आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून हुजूर पक्षाचे २१ खासदार बाहेर काढले गेले होते. दोन्हींची तुलना तेव्हा वर्तमानपत्रांतून झाली, पण ती लंगडी होती. ब्रिटनची ती सत्तेचाळीस वर्षांच्या संसारानंतरची फारकत. आपण सात वर्षं बोलणी केली आणि सुपारी फुटायच्या बेताला मांडवातून उठून आलो. फारकतीत भांड्याकुंड्यांची वाटणी तरी होते. मांडवातून उठलेल्या माणसाला नंतर सगळे एवढंच विचारतात: मग आता कुणाकडे?

खानदेशात हे कुणी फारसं ऐकलं नाही. ऐकायची स्थितीच नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस परतीचा पाऊस आणि 'क्यार' वादळाचा फटका असा बसला होता की, ज्वारीच्या कणसांना आणि मक्याला उभ्या शेतात कोंब फुटले आणि कापसाच्या वाती झाल्या. दिवाळी होऊन आठवडा झालेला. टीव्ही लावावा तर त्यावर विधानसभेचा निकाल आणि युतीचा घटस्फोट. त्याच ४ नोव्हेंबरला देवेंद्र फडणवीस दिल्लीत अमित शहांना भेटत होते आणि शरद पवार सोनिया गांधींना. बँकॉक त्या दिवशी खालच्या पट्टीत सरकत होतं. पंचनाम्याला तलाठी कधी येणार ही गावातली खरी बातमी होती.

दिल्लीत मात्र फाटाफूट जोरात होती, आणि ती पक्षांच्या रेषेवरून नव्हे, आडवीतिडवी. सत्ताधाऱ्यांच्या घरातलाच स्वदेशी जागरण मंच करार नको म्हणून ऑक्टोबरात रस्त्यावर उतरला. ज्यांच्या काळात बोलणी सुरू झाली त्या काँग्रेसनं नोटबंदी आणि जीएसटीनंतरचा हा तिसरा तडाखा ठरेल म्हणून विरोध केला. डाव्या किसान सभा आणि राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना ज्या समन्वय समितीत होत्या, तिचं देशभरातलं आंदोलन नेमकं ४ नोव्हेंबरला ठरलेलं. अमूल विरोधात. बाजूनं बोलणारे म्हणजे अरविंद पानगरियांसारखे अर्थतज्ज्ञ आणि काही निर्यातदार. संघपरिवारातली संघटना आणि लाल बावटा एका मागणीसाठी उभे राहिल्याचं दृश्य या देशात वरचेवर दिसत नाही. मोदींनी नकार दिला तेव्हा प्रत्येकानं श्रेय घेतलं. काँग्रेस म्हणाली, आमच्या दबावामुळे झालं. मंच म्हणाला, आमच्या.

नकाराची कारणं पोकळ नव्हती. या पंधरा देशांशी भारताची व्यापारतूट २०१८-१९ मध्ये सुमारे १०५ अब्ज डॉलर होती, त्यातली निम्मी एकट्या चीनशी. कर कमी करायचे ते २०१४ चे दर पाया धरून, असं ठरत होतं. भारताला २०१९ चे दर पाया हवे होते, कारण मधल्या काळात आपण अनेक वस्तूंवरचे कर वाढवले होते. आयातीचा लोंढा आला तर कर आपोआप परत चढावेत अशी सोय हवी होती. मिळाली नाही. १५ नोव्हेंबर २०२० ला उरलेल्या पंधरा देशांनी सह्या केल्या, १ जानेवारी २०२२ पासून करार अमलात आला. आपण बाहेर.

*

बाहेर राहून कापसाचं काय झालं, ते आता पाहू. जागतिक भावाची चव खानदेशच्या कापसानं पहिल्यांदा चाखली ती १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात. मँचेस्टरला अमेरिकेची रुई मिळेना, म्हणून इथला कापूस सोन्याच्या भावानं गेला. जळगावची पेठ वाढली ती या कापसावर आणि नव्या रेल्वेवर. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यानंतर इथल्या प्रत्येक पिढीनं आपापला १८६५ पाहिला आहे. माझ्या पिढीचा अगदी अलीकडचा. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. सूतगिरण्यांनी ओरड केली, सरकारनं एप्रिलपासून आयातशुल्क माफ केलं. पुढच्या हंगामात शेतकऱ्यानं पुन्हा दहा हजार होतील म्हणून कापूस घरात दाबून ठेवला. ओटा भरला, माजघर भरलं, अंगाला खाज सुटायला लागली, लेकरं अंगणात झोपली. भाव सात-आठ हजारांवरून हलला नाही.

तेव्हा आपण आरसेपमध्ये नव्हतो. २०२५ मध्येही नव्हतो. तरी २०२४-२५ च्या कापूसवर्षात देशात परदेशी कापसाच्या चाळीस लाख गाठींच्या घरात आयात झाली असा व्यापाऱ्यांचा अंदाज होता. आदल्या वर्षी ती पंधरा लाखांच्या आसपास होती. ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. यातल्या ऑस्ट्रेलियाशी आपला वेगळा करार आहे, २९ डिसेंबर २०२२ पासून लागू, आणि त्यात ५१ हजार टन कापूस बिनशुल्क आणायची मुभा आहे. ज्या गटात सगळ्यांशी एकदम बसायला आपण नाही म्हणालो, त्यातल्या एकेकाशी आता वेगळं बसतो आहोत. न्यूझीलंडशीही मार्च २०२५ मध्ये बोलणी पुन्हा सुरू झाली. आणि ज्या ब्रिटनची फारकत आपण तेव्हा मजेनं पाहत होतो, त्याच्याशी २४ जुलै २०२५ ला करारावर सही झाली.

माझं म्हणणं एवढंच की, करार नाही म्हणजे दार बंद, हा समज खरा नाही. करार नसला की दाराची कडी दिल्लीच्या हातात राहते. ती आज लावता येते, उद्या काढता येते. करारात निदान कोणत्या वर्षी किती कर हे लिहिलेलं असतं. त्यावरून शिव्या देता येतात आणि पेरायचं काय तेही ठरवता येतं. आयातशुल्क काढणाऱ्या त्या अधिसूचनेआधी खानदेशात कपाशी पात्याफुलांवर आली होती. बी, खत, मजुरी, सगळं मातीत गेलेलं. उद्योगाची बाजूही ऐकावी लागते: अमेरिकेनं ५० टक्के लावल्यावर तिरुपूरच्या कपड्याला निदान कच्चा माल तरी स्वस्त हवा होता. पण त्या झटक्याची वाटणी कुणामध्ये करायची हे ठरवताना धरणगावच्या माणसाला कुणी विचारलं नाही. त्याच ऑगस्टच्या ७ तारखेला पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही, किंमत मोजावी लागली तरी चालेल, असं जाहीर केलं होतं. बारा दिवसांनी कापसाची कडी निघाली.

विरोधी पक्षांनी त्यावर आवाज केला. त्यांचाही इतिहास सांगून टाकतो, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. ५ मार्च २०१२ ला काँग्रेसप्रणीत संपुआ सरकारनं कापसाची निर्यातच बंद केली होती. कृषिमंत्री शरद पवार म्हणाले, मला विचारलंच नाही. गुजरातचे मुख्यमंत्री कापूस उत्पादकांच्या बाजूनं पत्रं लिहीत होते. त्यांचं नाव नरेंद्र मोदी. आठवड्याभरात बंदी मागे घ्यावी लागली. तेव्हा दार बाहेर जाणाऱ्या कापसाला बंद केलं होतं, २०२५ मध्ये आत येणाऱ्याला उघडलं. दोन्ही वेळा कारण एकच, गिरणीला रुई स्वस्त मिळावी. खुर्च्या बदलल्या की भाषणांची अदलाबदल होते, आणि जुनं भाषण नव्या माणसाला इतकं चपखल बसतं की शिंप्याची गरज पडत नाही.

*

या प्रश्नावर खानदेशचा स्वतःचा असा एक अनुभव आहे, आणि तो दिल्लीच्या अर्थतज्ज्ञांच्या कागदांत सापडत नाही. १९७२ पासून पुढची तीस वर्षं महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस विकायचा तो सरकारलाच. राज्याबाहेर न्यायची बंदी. पहिला हप्ता, मग चुकाऱ्याची वाट, मग बोनसची. शेजारी गुजरातेत आणि मध्य प्रदेशात व्यापारी रोख मोजत. शिरपूर-चोपड्याच्या माणसाला सेंधवा जवळ, नवापूर-तळोद्याच्या माणसाला गुजरात. (नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, वेगळं झालं १९९८ मध्ये.) मग जे व्हायचं ते झालं. रात्री गाड्या निघू लागल्या. आपलाच कापूस, आपल्याच देशात, चोरून. आमच्याकडे त्या दिवसांच्या गोष्टी शिकारीच्या गोष्टींसारख्या सांगतात. कुणी नाक्यावर किती दिले, कुणी आडरानातून तापीकाठानं कसा नेला.

म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी इथे पटले. हमीभावाच्या घोषणा देणारे नेते पुष्कळ होते. सरकारनं आमच्या पाठीवरून उतरावं, एवढंच मागणारा हा एक. १९९१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार खुला करू पाहणारा डंकेल प्रस्ताव आला, तेव्हा कर्नाटकचे शेतकरी नेते नंजुंडस्वामी आणि उत्तरेचे टिकैत विरोधात उभे राहिले, आणि जोशी जाहीरपणे बाजूनं. जगाचा बाजार उघडा झाला तर भारतातल्या शेतकऱ्याला आजच्यापेक्षा जास्तच मिळेल, हे त्यांचं गणित. शेतकरी चळवळ त्या प्रश्नावर जी फुटली ती सांधली गेली नाही. राजू शेट्टी जोशींच्याच संघटनेतून बाहेर पडलेले, आणि आरसेपला विरोध करणाऱ्या समितीत ते होते. एका विहिरीचे दोन पाट, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला.

मला स्वतःला जोशींचं गणित निम्मं पटतं. दार उघडं असावं, हे पटतं. पण त्यांच्या गणितात दार दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उघडतं. प्रत्यक्षात भाव चढला की निर्यात बंद होते, आणि पडला की आयात चालूच राहते. अशा दाराला व्यापार म्हणत नाहीत, त्याला झडप म्हणतात.

याच्या उलटी परंपराही इथलीच. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं, डिसेंबर १९३६ मध्ये. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह खेड्याचा आणि खादीचा. त्यासाठी साने गुरुजींनी केलेली वणवण. त्याच गुरुजींची शाळा अमळनेरला, जिथे प्रताप शेटजींच्या गिरणीचा भोंगा वाजायचा. स्वदेशी म्हणजे चरखा की स्वदेशी म्हणजे गिरणी, हा वाद अमळनेरच्या एका रस्त्यावर उभा राहून पाहता येत होता. गिरणी आज बंद. धुळ्याची न्यू प्रताप मिलही बंद. त्या बंद पडल्या तेव्हा आरसेप हा शब्द जन्मलेला नव्हता.

*

जळगाव-धुळ्यात कुणालाही विचारा, तुम्ही खुल्या व्यापाराच्या बाजूचे की विरोधातले? उत्तर पक्षावरून मिळत नाही, धंद्यावरून मिळतं. आणि नीट ऐकलं तर प्रत्येकाचं म्हणणं एकच असतं: माझं मागचं दार उघडं ठेवा, पुढचं बंद करा. सूतगिरणीला रुई स्वस्त हवी आणि बाहेरचं सूत नको. धुळ्याच्या यंत्रमागवाल्याला सूत स्वस्त हवं, पण चिनी कापड नको. जिनिंगवाला तर विचित्र कात्रीत. परदेशी रुई गाठी बांधून, प्रेस होऊन येते. तिला त्याच्या यंत्रांची गरज नाही. त्यामुळे आयातीच्या बाबतीत तो शेतकऱ्याच्या बाजूला, आणि खेडा खरेदीत (गावात येऊन केलेल्या खरेदीत) वजनाला कट्टी लावताना विरुद्ध बाजूला.

डाळीचं तसंच. जळगावच्या डाळ मिल देशाला तूरडाळ पुरवतात. म्यानमार आणि आफ्रिकेतून येणारी तूर २०२५ मध्ये बिनशुल्क होती, ती मुदत तेव्हा ३१ मार्च २०२६ पर्यंत. मिलला माल बारा महिने लागतो, म्हणून तिला हे दार हवंच. २०२५ मध्ये मात्र तुरीचा भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला आणि ज्यानं कपाशीत तुरीच्या ओळी टाकल्या होत्या त्याला दोन्हीकडून बसली. गंमत पाहा: म्यानमार आरसेपमध्ये आहे, आपण नाही, आणि त्यांची तूर आपल्याकडे येतेच आहे.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात गेलं की सूर पूर्ण बदलतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपं, ठिबक, घडांना पिशव्या, आखाती देशांकडे जाणारे कंटेनर. इथला बागायतदार संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ मध्ये झालेल्या कराराबद्दल चांगलं बोलतो. त्याला भीती फिलिपीन्सची आणि इक्वेडोरची. त्याचं म्हणणं, जगात माल विकायचा तर बोलणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसलं पाहिजे. नीती आयोगाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतानं आरसेपमध्ये असायला हवं असं म्हटलं. सरकारची अधिकृत भूमिका मात्र तीच राहिली: नाही.

दुधाबद्दल मला नकार योग्य वाटतो, तोही न अडखळता. न्यूझीलंडची वस्ती पन्नास लाखांच्या आसपास, आणि तिथलं बहुतेक सगळं दूध निर्यातीसाठी. आपल्याकडे दोन म्हशींवर मुलीची फी भरणारं घर आहे. कापसाला वर्षातून एकदा मार बसतो. दुधाचा हिशेब दर दहा दिवसांनी. मात्र आमच्याकडे दुधाचं राजकारण न्यूझीलंडपर्यंत पोचतच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जळगाव जिल्हा दूध संघाची निवडणूक झाली, एकनाथ खडसेंच्या पत्नी मंदाकिनी खडसे यांना आमदार मंगेश चव्हाण यांनी हरवलं, आणि सगळा जिल्हा महिनाभर खडसे विरुद्ध गिरीश महाजन यावरच बोलत होता. आयात पावडरीचा मुद्दा कुणी सभेत काढल्याचं मला तरी आठवत नाही. दूध कुणाच्या हातात, हा प्रश्न होता. दूध कशाच्या भावात, हा नव्हता.

*

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस चोपडा तालुक्यात मामांच्या गावी गेलो. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. पहिल्या वेचणीचा कापूस ओट्यावर पसरलेला, पंखा लावून वाळवत ठेवलेला. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, १२ टक्क्यांवर ओल चालत नाही, आणि पुरा भाव हवा तर ८ टक्के. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात, २०२५-२६ साठी, ८,११० रुपये. तो मिळायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. त्यासाठी सातबाऱ्यावर पीकपेरा लागलेला पाहिजे, आधारला फोन जोडलेला पाहिजे आणि फोनला रेंज पाहिजे.

घरात दोन मामेभाऊ, वाटण्या झालेल्या पण ओटा सामाईक. थोरल्यानं आपला वाटा खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला, हमीभावाच्या बऱ्याच खाली; हरभऱ्याचं बी आणायचं होतं. धाकटा थांबलाय. त्याचा हिशेब सरळ आहे: ३१ डिसेंबरला माफी संपेल, जानेवारीत भाव उठेल.

"अन् मुदत आखो वाढाई दिनी ते?" थोरला म्हणाला.

धाकटा काही बोलला नाही. मोबाइल घेऊन गच्चीवर गेला, ओटीपी येत नव्हता म्हणून. मामा आरामखुर्चीत होते. त्यांनी एकाधिकाराच्या दिवसांत सेंधव्याला किती फेऱ्या केल्या, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी मला विचारलं, तो बँकॉकचा करार झाला असता तर हा कापूस आज कितीला गेला असता? मी म्हणालो, सांगता येत नाही. कदाचित याच भावाला. मामा म्हणाले, मंग ते इतलं भांडण कसानं व्हतं?

वहिनी आतून सूप घेऊन आली. दिवाळीला अजून तीन आठवडे, पण ती जागेचा अंदाज घेत होती. लक्ष्मीपूजनाचा पाट दरवर्षी ओट्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात मांडतात. तिथं आता धाकट्याचा ढीग होता. तो हातभर मागे सारावा लागेल, ती म्हणाली, आणि दुसरी वेचणी आली की तेवढीही जागा उरायची नाही.